तोंडावरचा हात

"एक मिनिट," असं म्हणत तिने डॉक्टरचा हात बाजूला सारला, त्या लांबलचक खुर्चीतून पाय खाली सोडले आणि पर्समधून बाटली काढली. निळं माउथवॉश. बूच भरून तोंडात घेतलं, गाल फुगवून खळखळवलं आणि खुर्चीशेजारच्या वाडग्यात टाकलं. मग पुन्हा एकदा. ती तिसऱ्यांदा बूच भरायला लागली तेव्हा दातांची डॉक्टर हसली.

"काकू, तोंड मी धुणारच आहे हो. ते माझंच काम आहे."

"तुम्ही नंतर धुवा," डावा हात तोंडासमोर धरून ती म्हणाली. "आधी मी धुते."

"बाहेर बेसिनपाशी आत्ताच धुतलंत ना? आवाज आला मला."

"आला असेल."

डॉक्टर तिच्या मुलीच्या वयाची होती. तिच्या तोंडचं 'काकू' हिला फारसं रुचलं नव्हतं, कारण दुकानात सगळे तिला ताई म्हणत. पण गेले काही दिवस जीभ अशी जळत होती की साधा भातसुद्धा तिखट लागत होता, म्हणून नाइलाजाने ती इथे येऊन बसली होती. नाहीतर कुणाच्या नाकासमोर आपणहून तोंड उघडणाऱ्यातली ती नव्हे.

तशी ती कुणाला भिणारी बाई नव्हती. इमारतीच्या टाकीत पाणी चढेना तेव्हा तिने सेक्रेटरीला असं काही उभं-आडवं घेतलं होतं की त्याने दुसऱ्याच दिवशी पंप बदलला. फक्त ते सगळं तिने पत्र लिहून केलं होतं. "बाई बोलत नाहीत, पण कागदावर चावतात," असं तो सेक्रेटरी अजून सांगत फिरतो. तिला ते आवडायचं.

डॉक्टरने दिवा खाली ओढला आणि आरसा आत घातला.

"हिरड्या पोळल्यासारख्या झाल्यात. हे निळं दिवसातून किती वेळा घेता?"

तिने विचार केला. उठल्यावर. चहा झाल्यावर. घरातून निघताना, दुकानात पोचल्यावर, जेवल्यावर. आणि अधूनमधून, कुणाशी बोलायचं असलं की त्याआधी.

"म्हणजे दिवसभर," डॉक्टर म्हणाली. "काकू, हे दात घासण्याला जोड म्हणून असतं. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. तुम्ही तोंड त्यात भिजत घातलंय. आणि हे कडक आहे. त्याने तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडाला उलट वास येतो."

तिचा हात आपोआप वर गेला.

"येतो ना?"

"आत्ता मला पुदिन्याशिवाय काही कळत नाहीये. उद्या सकाळी या, सगळ्यांत पहिल्या. ब्रश नाही, चूळ नाही, चहा नाही. उठलात की तशाच या."

"तशीच?"

"तशाच."

"शक्य नाही."

"मग जिभेचं औषधही शक्य नाही," असं म्हणून डॉक्टरने दिवा बंद केला. पोरगी दिसायला एवढीशी, पण हट्टाला हिच्या तोडीस तोड होती. हिने जिन्यात जाऊन बाटली काढली, बुचाकडे एकदा पाहिलं, आणि चूळ न भरताच बाटली परत पर्समध्ये टाकली. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी नवऱ्याने दुधाचं पातेलं तिच्यापुढे धरलं.

"बघ गं, नासलंय का."

तिने वास घेतला. "चांगलं आहे."

हे त्या घरातलं रोजचंच काम होतं. दूध, कालची आमटी, पावसाळ्यात न वाळलेले शर्ट, गॅसची नळी, सगळं तिच्या नाकाखालून जायचं, कारण नवऱ्याला वास येत नव्हता. अजिबात नाही. लहानपणी मोठा ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला, असं त्याची आई सांगायची. तो छापखान्यात मजकूर तपासायचा. शाई आणि रॉकेलच्या त्या घमघमाटात बाकीचे लोक डबा घेऊन गच्चीवर पळत, हा एकटा यंत्राशेजारी बसून सुखाने जेवायचा. "ह्यांचं नाक म्हणजे नुसती चष्मा ठेवायची जागा," असं ती पाहुण्यांना सांगायची, "आणि चष्मा तर ते लावत नाहीत!" पाहुणे हसायचे. तोही हसायचा. तीही हसायची, तोंडावर हात धरून.

"तुझी बाटली आणलीये," तो म्हणाला. "संपत आली असेल ना?"

ओट्यावर नवी निळी बाटली उभी होती. दर महिन्याच्या सामानात तो ती न विसरता आणायचा. तिचा वाढदिवस त्याच्या लक्षात राहायचा नाही, पण ही बाटली कधी चुकली नाही. याचं तिला आजवर कौतुकच वाटत आलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाली?" त्याने वर्तमानपत्र उघडलं आणि हात पूर्ण लांब करून दूर धरलं. अलीकडे त्याला जवळचं दिसेनासं झालं होतं. बोलताना मात्र तो नेहमी समोरच्याच्या अगदी तोंडाशी येऊन बोलायचा, आत्ताही आला. तिने नेहमीप्रमाणे मान जराशी वळवली.

"उद्या परत बोलावलंय."

"आणि त्या खुर्चीचं काय ठरवलंस? तुमचे काका मला रस्त्यात विचारत होते."

तिने कढईत उलथनं उगाचच जोरात फिरवलं.

खुर्चीचं म्हणजे असं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढच्या बाजूला काचेची कपाटं आणि गिऱ्हाइकं, मधे डोळे तपासायची छोटी अंधारी खोली, आणि मागे काचा कापायची आणि घासायची यंत्रं. ती मागे असायची. तिने कापलेली काच फ्रेममध्ये अशी बसायची की जणू तिथेच उगवली असावी. पण तिचं शिक्षण काचा कापायचं नव्हतं, डोळे तपासायचं होतं. लग्नाआधी ती दुकानाचे मालक, म्हणजे सगळ्यांचे काका, यांच्या हाताखाली त्या मधल्या खोलीत काम शिकायलाच लागली होती. आणि गिऱ्हाइकांना ती आवडायचीही, कारण ती अखंड बोलायची. माहेरी तिला 'रेडिओ' म्हणत. चिडकी पोरं तिच्या बडबडीत डोळ्यांत थेंब घालून घ्यायची आणि त्यांना कळायचंही नाही.

लग्न होऊन परत कामावर आली ती मात्र थेट मागच्या खोलीत. "मला यंत्रंच बरी वाटतात," एवढंच म्हणाली. डोळे तपासायचे तर माणसाच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर बसावं लागतं. त्याचा श्वास आपल्याला लागतो, आपला त्याला. ते तिला शक्य राहिलं नव्हतं.

आता काकांच्या स्वतःच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हात थरथरत होते. त्यांनी तिला दोनदा विचारलं, दोनदा ती नाही म्हणाली. तिसऱ्यांदा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारपासून तू बस. नाहीतर बाहेरचा माणूस घेतो, त्याला शब्द द्यायचाय. तो आला की ती खोली त्याची. मग मला दोष देऊ नकोस." ती खोली आपली आहे असं तिला मनातून सतत वाटत आलं होतं, दाराआडून का होईना. तिथे परका माणूस बसणार या कल्पनेने तिला गेले काही दिवस अन्न गोड लागत नव्हतं. जिभेचा त्यात दोष नव्हता.

हे सगळं ज्यामुळे झालं ती गोष्ट घडायला पुरतं मिनिटही लागलं नव्हतं.

लग्नाचा दुसरा दिवस होता. घर नवऱ्याकडच्या माणसांनी भरलेलं, आणि त्यातल्या त्यात खिडकीपाशी दोघांना बसायला जागा मिळालेली. ती त्याला आपल्या परीक्षेची गंमत सांगत होती. प्रात्यक्षिकाची परीक्षा, समोर कडक मिशांचे परीक्षक, तेच पेशंट म्हणून खुर्चीत बसलेले, आणि हिचे पाय लटलट कापताहेत. परीक्षक म्हणाले, "हं, सुरू करा. डावा डोळा झाका."

"तर मी काय केलं असेल?" तिने त्याला विचारलं होतं. हसू दाबता दाबता तिला बोलता येत नव्हतं. "सांगा ना, मी काय केलं असेल?"

तो इकडेतिकडे बघत होता. मग हळूच म्हणाला,

"तुझ्या तोंडाला वास येतो गं. जरा लांबून बोल."

एवढंच. त्यानंतर त्याने ते पुन्हा कधी काढलं नाही, आणि तिने गोष्टही पुरी केली नाही. त्या दिवशी हात जो तोंडावर गेला तो गेलाच. मुलगी झाली, तिला रात्री गोष्टी सांगितल्या त्याही हाताआडून. मुलगी तीनचार वर्षांची असताना एकदा बाहुलीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत बसली होती, आणि तिनेही इवलासा हात तोंडावर धरला होता. गोष्ट अशीच सांगायची असते असं त्या पोरीला वाटत होतं. ते पाहून ही स्वयंपाकघरात गेली होती आणि नळ सोडून उभी राहिली होती.

सकाळी ती उठली आणि पारोशा तोंडाने घराबाहेर पडली. सख्ख्या शेजारणीने "इतक्या लवकर?" विचारलं तर नुसती मान हलवली. वाटेत पेपरवाला हसला, त्याला हात केला. ओठ असे घट्ट मिटलेले की कुणाला वाटावं, बाई तोंडात काही चोरून नेते आहे.

डॉक्टरने तोंडावरचा मास्क काढला आणि स्टूल अगदी जवळ ओढलं.

"हात खाली घ्या. आता 'हा' करा."

तिने डोळे मिटले. खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. 'हा' असा निघाला की समोरचा कागदसुद्धा हलला नसता.

"हे काय? जोरात."

तिने श्वास सोडला. डॉक्टरचं नाक तिच्या ओठांपासून चार बोटांवर होतं. इतक्या जवळ तिने कुणाला थांबू दिल्याला कितीतरी वर्षं झाली होती.

"अजून एकदा." मग डॉक्टर मागे सरली. "झोपून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तेवढा. माझ्याही येतो. आमच्या कंपाउंडरच्या तर दुपारी जेवल्यावरसुद्धा येतो."

"नीट बघा ना."

"नीट बघितलं. दात उत्तम आहेत, कीड आत्ता नाही आणि कधी नव्हती. जीभ तेवढी तुम्ही भाजून घेतलीये. वास यायला काही कारण तर पाहिजे ना! तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"आमच्या ह्यांनी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला सांगतील? मी धूतच होते."

डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहू लागली. लिहिता लिहिता सहज म्हणाली, "मग आता त्यांनाच परत विचारा. सकाळी उठल्या उठल्या त्यांच्यासमोर बसा आणि म्हणा, घ्या वास, काय येतंय सांगा."

"त्यांना काय विचारायचं," ती नेहमीच्या सवयीने हसली, "त्यांना कुठला आलाय वास..."

आणि ती थांबली.

हे वाक्य तिने आजवर किती जणांना ऐकवलं असेल याला गणतीच नव्हती. दुधावरून, आमटीवरून, छापखान्यावरून. लग्नात, बारशात, रांगेत उभं असताना. आणि दुसरं ते वाक्य, खिडकीपाशी ऐकलेलं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच फडताळात, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांसारखी इतकी वर्षं होती. दोन्ही झाकणं तिने एकदम कधी उघडली नव्हती.

"काय झालं?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही."

"पाणी देऊ?"

"नको," ती म्हणाली. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. आला तो राग. चांगला कडकडीत, पायाच्या नखापासून निघालेला राग, आणि त्याच्यामागून अशी काही तरतरी आली की ती खुर्चीतून उठली ती डॉक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "चिठ्ठी द्या. आणि मला काकू म्हणू नका. ताई म्हणा."

डॉक्टरने हसून चिठ्ठी दिली. जिभेला लावायचं औषध, आणि एक सौम्य माउथवॉश. "हे रात्री दात घासल्यावर एकदा. खळखळून टाकायचं आणि झोपायचं. बस्स."

तिथून ती थेट दुकानात गेली. काका गल्ल्यापाशी बसून हातातली फ्रेम डोळ्यांजवळ नेऊन चाचपडत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन वाकली, दोन्ही हात टेबलावर टेकवले.

"काका, सोमवारपासून मी बसते. त्या माणसाला नाही म्हणून कळवा."

काका तिच्याकडे बघत राहिले.

"तुला पुढे दात आहेत होय!" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत आज दिसले."

"अख्खी बत्तिशी आहे," ती म्हणाली. "आता रोज दिसेल."

शुक्रवारी संध्याकाळी नवरा आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता. तिने नव्या निळ्या बाटलीचं बूच काढलं आणि बाटली त्याच्या नाकाखाली धरली.

"कसला वास आहे हा?"

"कसला?" त्याने डोळे उघडले नाहीत. "काय थट्टा करतेस. मला कुठे काय येतं."

"काहीच नाही? थोडासुद्धा?"

"अगं, इतकी वर्षं झाली लग्नाला, आज विचारतेस?"

"कधीपासून नाही येत?"

"दुसरीत असताना ताप आला होता, तेव्हापासून. आई सांगायची नाही का!" त्याने एक डोळा उघडला. "का? काही जळतंय?"

"नाही," ती म्हणाली. बूच परत घट्ट लावलं. "सोमवारी छापखान्यातून येताना दुकानात या. तुमचे डोळे तपासायचे आहेत. किती दिवस पेपर भिंतीला टेकवून वाचणार?"

"काकांकडे?"

"माझ्याकडे."

तो खूश झाला. "घेतलीस खुर्ची? वा! मी म्हणतच होतो." त्याने ते खरंच मनापासून म्हटलं, आणि त्यामुळे तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी आणखी तापला. शनिवार-रविवार ती फारसं बोलली नाही. त्यालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

सोमवारी तो आला तेव्हा बाहेरच्या बाकावर दोनतीन माणसं नंबर लावून बसली होती. दुपारपासून तिने पाच-सहा जणांचे डोळे तपासले होते. पहिल्या बाईच्या वेळी हात दोनदा तोंडाकडे निघाला, आणि दोनदा तिने तो परत आणून काचांच्या पेटीवर आपटला. नंतर काचा बदलण्यात दोन्ही हात इतके गुंतले की तोंडावर ठेवायला एकही मोकळा उरला नाही. एका म्हाताऱ्याला तर ती बोलता बोलता इतकं हसवून गेली की त्याचे डोळे पाण्याने भरले आणि तपासणी थांबवावी लागली.

तिने नवऱ्याला खुर्चीत बसवलं, दार लोटलं, दिवा मालवला. समोर अक्षरांचा तक्ता तेवढा उजळला. मग तपासणीची ती जड गोल फ्रेम त्याच्या नाकावर चढवली.

"मान हलवायची नाही," ती म्हणाली. "हलवलीत तर नंबर चुकेल."

"आता झाली ना नाकाची सोय," तो म्हणाला. "चष्म्याची जागा भरली एकदाची."

ती हसली नाही. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. त्याच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागत होता. तिने एक काच घातली.

"वाचा."

त्याने वाचलं. तिने काच बदलली.

"हे स्पष्ट, की आधीचं?"

"हे."

"आणि आता?"

"आता जरा धूसर."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बसलो होतो," त्याच आवाजात ती म्हणाली, आणि काच बदलली. "माझ्या तोंडाला वास येतो, असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला कसा कळला?"

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली.

"मी असं म्हणालो होतो?"

"दर महिन्याला बाटली कशासाठी आणत होतात मग?"

"तू वापरायचीस म्हणून." तो मान वळवायला गेला.

"हलू नका."

तो थांबला. मग म्हणाला, "घर भरलेलं होतं गं. तू मोठमोठ्याने हसत होतीस. आमची ताई आणि काकू पलीकडून बघत होत्या, सकाळपासून मला चिडवत होत्या, बायको आहे की आगगाडी म्हणून. मला कसंतरी झालं."

"गप्प बस म्हणायचं होतं."

"तू भांडली असतीस."

"भांडले असते," ती म्हणाली.

"हे म्हटल्यावर गप्प बसलीस." हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. "मला वाटलं, दोन दिवसांत विसरशील. मी तर विसरूनच गेलो."

तिने पेटीतून आणखी एक काच उचलली, मऊ फडक्याने पुसली, उजेडाकडे धरून पाहिली. मागच्या खोलीतली ती सगळी वर्षं तिला एकदम दिसली, आणि बाहुलीला गोष्ट सांगणारी मुलगी दिसली. मग तिने काच त्याच्या फ्रेममध्ये बसवली.

"आता ऐका," ती म्हणाली. ती इतकी पुढे वाकली की तिच्या श्वासाने त्याच्या काचांवर वाफ धरली. "वास तुमच्या तोंडाला येतो. रात्री दात न घासता झोपता आणि सकाळी तोंडाशी येऊन बोलता. पहिल्या दिवसापासून येतो. तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. मला रोज कळत होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सांगितलेलं कसं लागतं ते मला माहीत होतं म्हणून."

वाफ विरली. काचांमागे त्याचे डोळे खूप मोठे दिसत होते. तिने टेबलाखालून निळी बाटली काढली, नवी, भरलेली, आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"रात्री दात घासल्यावर एकदा. बूचभर. मी रोज विचारीन."

त्याने बाटली धरली. मान हलवली नाही.

"चल ना आता घरी," तो हळूच म्हणाला. "बाहेर लोक आहेत."

"तेव्हाही होते," ती म्हणाली. "अजून एक राहिलंय. माझी प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. समोर कडक मिशांचे परीक्षक, तेच पेशंट होऊन बसलेले. माझे पाय लटलट कापताहेत. ते म्हणाले, हं, सुरू करा, डावा डोळा झाका." तिचा आवाज चढत गेला. पातळ दारापलीकडची कुजबुज थांबली. "तर मी काय केलं असेल?"

त्याने दाराकडे डोळे वळवले.

"विचारतेय मी. काय केलं असेल?"

"काय केलंस?" तो म्हणाला.

तिने डावा हात उचलला आणि स्वतःच्या डाव्या डोळ्यावर गच्च दाबून धरला.

"स्वतःचाच झाकला! आणि तशीच उभी! परीक्षक म्हणतात, आता तक्ता वाचायला सांगा, तर मी तुमच्यासारखी घडाघडा आपणच वाचायला लागले, शेवटच्या ओळीपर्यंत!" आणि ती हसली. तोंड भरून, मान मागे टाकून, माहेरच्या आवाजात. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने तसंच वाहू दिलं. तोही हसेल की काय असं क्षणभर वाटलं, पण त्याला ते जमलं नाही.

दारावर टकटक झाली. फटीतून कुणीतरी अदबीने विचारलं, "ताई, माझा नंबर कधी येईल?"

"थांबा जरा," ती मोठ्याने म्हणाली. तिचा एक हात अजून डोळ्यावर होता आणि दुसरा काचांच्या पेटीत. "ह्यांचं अजून झालेलं नाही."

मग तिने हात खाली घेतला आणि नवऱ्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर पुन्हा नीट बसली.

"हं," ती म्हणाली. "वाचा."